लाल डोळ्यांचा सिकाडा आणि मामाची खात्री

चौतीस वर्षं मी सांगलीच्या शाळेत पोरांना कीटकांचे पाय मोजायला शिकवलं, आणि अमेरिकेत एका किड्यानं माझी अब्रू चव्हाट्यावर आणली. इतर लोक तिकडून आले की धबधब्याचे फोटो दाखवतात. मला कुणी विचारलं की मी किड्याचंच सांगत बसतो. बायको म्हणते, "अहो, पुरे आता." पुरे कसं? अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

आधी माणसं सांगून टाकतो. माझी धाकटी बहीण शैला आणि तिचे यजमान अनंतराव इलिनॉयमध्ये, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतात. आधी ते मिनेसोटात, ईडन प्रेरीला होते. केतकीचा जन्म तिथलाच. शहाण्णव साली नेपरव्हिलला आले. केतकी ही माझी एकुलती एक भाची, आणि दोन हजार सातच्या जूनमध्ये तिचं लग्न होतं. मी चाललो होतो तो मामा म्हणून. मंगलाष्टका चालू असताना मुलीच्या मागे उभा राहायचा मान मामाचा, तो काही फोनवरून करता येत नाही.

दुसरं कारण मासे. मला गळाचा नाद आहे. शाळा सुटली की कृष्णेच्या काठी जाऊन बसायचं हा माझा तीस वर्षांचा नेम. दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा अमेरिकेला गेलो तेव्हा तिथंही एक नदी शोधून काढली. परवाना काढला (हो, गळ टाकायला परवाना लागतो!) आणि काठावर हॅरल्ड भेटला. हा माझ्याच वयाचा, निवृत्त वेल्डर, बोलायला कमी. झाडांवर काहीतरी करवतीसारखं किर्र करत होतं. हॅरल्डनं एक धरून दाखवला. अंगठ्याएवढा, हिरवा, डोळे काळपट. "सिकाडा. दर वर्षी ऑगस्टात येतो," तो म्हणाला. मी तो गळाला लावून पाण्यावर सोडला आणि सहा किलोचा सायप्रिनस लागला. आपल्याकडे धरणात सोडतात तोच मासा. मी मनात कालवणाला वाटण लावायला घेतलं, तर हॅरल्डनं गळ सोडवून मासा अलगद पाण्यात सोडून दिला! माझ्या डोळ्यांदेखत! मला चक्कर यायची बाकी होती. तिकडे तो कुणी खात नाही म्हणे.

असो. तेव्हापासून मी सिकाडा या विषयातला जाणकार झालो. निदान माझ्या मते.

सांगली, मार्च

शैलाचा फोन आला. "दादा, इथे टीव्हीवर सांगतायत, जूनमध्ये सिकाडा येणार आहेत. केतकीनं नदीकाठचा पार्क पसंत केलाय, जुनी ओकची झाडं आहेत, तिला तिथंच लग्न करायचंय. पण किड्यांना किती घाबरते तुला ठाऊक आहे. ती म्हणतेय, मामाला विचारून मग बुक करू."

केतकीची भीती म्हणजे चेष्टा नाही. झुरळ दिसलं तर ती किंचाळत नाही, तिचा श्वासच अडकतो. ओठ पांढरे पडतात.

मी म्हटलं, "छे छे! सिकाडा ऑगस्टात येतात. मी स्वतः धरून गळाला लावलाय. टीव्हीवाल्यांना काय कळतंय? बिनधास्त बुक करा."

मग केतकीनं फोन घेतला. "मामा, आर यू शुअर? शंभर टक्के?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

एक पुस्तक उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. घरात लायब्ररीचं कार्ड होतं, समोरच्या मुलाकडे इंटरनेट होतं. पण मला कशाला कुणाला विचारायचं होतं? मी मास्तर! वर मी काय केलं असेल, तर जुन्या रबरी चपला कापून बारा हिरवे सिकाडे तयार केले, गळ अडकवून, रंग देऊन. हॅरल्डला दाखवायला.

नेपरव्हिल, जूनचा पहिला आठवडा

शैलाचं घर एका नव्या वसाहतीत आहे. सगळी घरं एकाच रंगाची, आणि झाडं म्हणाल तर माझ्या मनगटापेक्षा बारीक, काठीला बांधून उभी केलेली. सावली शोधायला गेलं तर आपलीच सापडते. उतरल्या दिवशी मी कान टवकारले. पाखराचासुद्धा आवाज नाही.

"बघ," शैला अनंतरावांना म्हणाली, "दादानं सांगितलं होतं की नाही?"

रविवारी लग्नाच्या तयारीसाठी त्यांच्या मराठी मंडळातली माणसं जमली. पुण्याची, मुंबईची, दोघंतिघं नागपूरची, सगळी कॉम्प्युटरवाली. मी सांगलीहून नेलेलं भडंग पाच मिनिटांत संपलं. सिकाड्यांचा विषय निघाला तर एक जण म्हणाला, "काका, सगळी हाइप आहे यार. दर ऑगस्टला येतात, आम्ही दहा वर्षं ऐकतोय ना." दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानंही. मी विजयी मुद्रेनं दाढी खाजवली. त्या खोलीत एकही माणूस असा नव्हता जो पंच्याण्णवच्या आधी इलिनॉयमध्ये पोचला होता, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही.

नदीकाठ, मंगळवार

हॅरल्ड त्याच्या जुन्या ट्रकमधून मला न्यायला आला. "काय वेळ साधलीस!" असं म्हणाला. मला वाटलं लग्नाबद्दल बोलतोय. काचा बंद, एसी चालू. वीस मिनिटांत पार्क आला. केतकीनं बुक केलेला तोच. शनिवारच्या आत जागाही बघून होईल, असा माझा हिशेब होता.

मी दार उघडलं, आणि आयला, परत लावून घेतलं.

तो आवाज मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा वाटलं झाडीमागे कुठलातरी कारखाना आहे. हॅरल्ड बाहेर उभा राहून हातवारे करत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द एकही ऐकू येत नव्हता. मी हिय्या करून उतरलो. पायाखाली कुरकुर वाजलं. खाली बघितलं तर किड्यांच्या रिकाम्या टरफलांचा सडा. ओकच्या बुंध्याकडे बघितलं तर बुंधा हलत होता! काळे किडे, हजारो, एकमेकांच्या अंगावरून चढणारे. पंखांच्या शिरा नारिंगी. आणि डोळे लाल. नुसते लालभडक. एक माझ्या सदऱ्यावरून कॉलरवर आला, मानेवर चढला, आणि मी, कीटक शिकवणारा मास्तर, बोंबललो.

हॅरल्डनं मला पाण्याजवळ नेलं. तिथं ओरडून का होईना, बोलता येत होतं.

"हा ऑगस्टचा नाही?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा मी ढ पोराकडे बघायचो. मग आपली आमिषांची डबी उघडली. डावीकडं मोठे हिरवे. "हे दर वर्षीचे. जुलै-ऑगस्ट. थोडे थोडे येतात." उजवीकडं लहान काळे, डोळ्यांना लाल दोरा गुंडाळलेला. "आणि हे सतरा वर्षांनी. जूनमध्ये, सगळे एकदम. मागच्या वेळी नव्वद साली."

सतरा वर्षं! जमिनीखाली सतरा वर्षं झाडाच्या मुळांचा रस पीत बसायचं आणि मग एकाच आठवड्यात लाखोंनी वर यायचं. हॅरल्डची ही चौथी खेप होती. हिवाळाभर त्यानं तो लाल दोरा गुंडाळला होता.

माझा विश्वास बसेना. मी हट्टानं माझा चपलेचा हिरवा सिकाडा पाण्यावर टाकला. फांद्यांखाली मोठमोठे सायप्रिनस तोंडं उघडून फिरत होते, पडेल तो काळा किडा मटकावत होते. एक माझ्या हिरव्याखाली आला. बघितलं. आणि वळून गेला. दुसराही तसाच. तिसऱ्यानं तर शेपटीनं पाणी उडवलं. हॅरल्डनं त्याचा काळा टाकला आणि लगेच ओढ लागली. माशाला कळलं होतं ते मला कळलं नव्हतं, आणि मी फोनवर शंभर टक्के म्हणून बसलो होतो.

"किती दिवस राहतात?" मी विचारलं.

"अजून तीन आठवडे तरी. शनिवारी तर बहार असेल बघ!"

मी गळ तिथंच टाकला आणि लग्नाच्या शेडकडे गेलो. खांब काळे. बाकं काळी. जिथं बोहलं मांडायचं होतं तिथं फरशी दिसत नव्हती. केतकी इथं पिवळी साडी नेसून उभी राहणार, डोळे मिटून, आणि हे तिच्या केसांत चढणार. खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की गप्प बसावं. सांगावं की टीव्हीवाले यंदा चुकून बरोबर ठरले. म्हणावं, मला काय माहीत, मी सांगलीचा माणूस. माझीच मला किळस आली.

परतताना झाडी संपली आणि आवाज बटण बंद केल्यासारखा थांबला. मी हॅरल्डला विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "तुझ्या बहिणीची वसाहत आहे ना, तिथं दहा वर्षांमागं मका होता. झाड नाही तर मूळ नाही. मूळ नाही तर हे खाली जगणार कशावर?"

त्याच दिवशी संध्याकाळी

केतकी शिकागोत राहते, तिथून आली होती, साडीचं ब्लाउज घालून बघायला. शैला, अनंतराव, मी आणि ती, असे चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. दोन जाती आहेत. मी एकच बघितली होती. दुसरी जूनची. पार्कात पाय ठेवायला जागा नाही. चूक माझी, कुणाला न विचारता सांगितलं.

अनंतराव सहसा आवाज चढवत नाहीत. "अहो दादा, दीडशे माणसं! चार दिवस राहिलेत! आता कुठला हॉल मिळणार?"

शैला नुसती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

केतकीचे ओठ पांढरे झाले होते. "मामा," ती हळू म्हणाली, "सगळे मला म्हणतात, काही होत नाही, किडाच तर आहे. एव्हरीबडी. आई, बाबा, समीरपण. तू कधीच तसं म्हणाला नाहीस. दॅट्स व्हाय मी तुलाच विचारलं." आणि उठून वर गेली. समीर म्हणजे होणारा नवरा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पानात वाढलेली मुगाची खिचडी तशीच राहिली. थोड्या वेळानं मी जिना चढून तिच्या दाराशी गेलो.

"केतू, लग्न इथं करू. या घराच्या अंगणात."

दार थोडं उघडलं. "मामा, हे बॅकयार्ड किती अग्ली आहे. एक झाड नाही."

"झाड नाही म्हणूनच."

मी तिला मक्याचं सांगितलं, मुळांचं सांगितलं. ती ऐकत होती. डोळे सुजले होते.

"आर यू शुअर?"

तोंडात शब्द तयार होता. सवयच ती. पण या वेळी मी तो गिळला. "आत्ता नाही. उद्या सकाळी बघतो आणि मग सांगतो."

बुधवार ते शुक्रवार

बुधवारी मी वसाहतीतलं अंगण न् अंगण गुडघ्यांवर बसून तपासलं. हे किडे बाहेर येताना जमिनीला बोटाएवढी गोल भोकं पडतात, ती शोधत होतो. तिकडं असं दुसऱ्याच्या हिरवळीवर रांगत फिरायची पद्धत नाही. एका बाईनं खिडकीतून बघितलं, दुसरीनं फोन केला, आणि पोलिसाची गाडी आली. चांगला धिप्पाड गडी. काय हरवलं, म्हणून विचारायला लागला. माझं इंग्रजी ऐन वेळी पळालं. मी खिशातून चपलेचा सिकाडा काढून दाखवला. तो आधी दोन पावलं मागं सरला, मग हसून हसून लाल झाला आणि मला घरापर्यंत सोडून गेला. शैलानं दार उघडलं. पोलीस बघून तिनं कपाळावर हात मारला, पण आदल्या संध्याकाळनंतर प्रथमच माझ्याशी बोलली. "आता अटक तेवढी करून घे तू," म्हणाली.

भोक एकही नव्हतं. टरफल नव्हतं. केतकी सकाळीच शिकागोला परतली होती, तिला मी फोन केला. "जमिनीत नाहीत. पण हा उडणारा प्राणी आहे. कुणाच्या गाडीवर बसून एखादा येणारच नाही, असं मी सांगणार नाही."

ती म्हणाली, "ओके. तू माझ्या मागेच उभा असणार ना?"

"मामाच असतो मागे."

"मग जे काय येईल ते आधी तुला दिसणार."

"हो."

"ओके," ती म्हणाली. "देन आय कॅन डू इट."

त्या पोरीनं माझ्यावर दुसऱ्यांदा विश्वास टाकला.

पुढचे दोन दिवस मंडळातल्या लोकांनी जे केलं त्याला तोड नाही. तंबू आला, खुर्च्या आल्या, पार्कऐवजी घरचा पत्ता दीडशे लोकांना फोन करकरून कळवला. हाइप म्हणणारा तो गडीच सगळ्यांत जास्त राबला. एकदा जुन्या गावातनं, जिथं मोठाली जुनी झाडं आहेत, गाडी चालवून आला आणि मला म्हणाला, "काका, मी तर हादरलोच यार." मी म्हटलं, लेका, मला सांगतोस?

शनिवार

सकाळी मी तंबूचा कोपरा न् कोपरा बघितला. खुर्च्या उलट्या करून बघितल्या. हार, फुलं, अक्षतांचं ताट, सगळं. हॅरल्ड लग्नाला येणार होता, त्याला दारातच थांबवून टोपी आणि कोट झटकायला लावला. तो मुकाट्यानं गोल फिरला.

दहा वाजता केतकी खाली आली. मी सांगलीहून नेलेली पिवळी अष्टपुत्री नेसली होती. चेहरा उतरलेला, पण चालत आली. मी तिचा हात धरून तिला बोहल्यावर नेलं. पाटावर उभी राहिली, हातात हार. पुढं अंतरपाट धरला, पलीकडं समीर. मी तिच्या मागं. गुरुजींनी, जे एरवी बँकेत कॉम्प्युटर सांभाळतात, कागद काढला आणि पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.

तेव्हा मला वर लक्ष द्यायचं सुचलं. तंबूच्या आडव्या दांडीला हिरवी डहाळी बांधली होती. सकाळी नव्हती. वर्षाकाकू म्हणून मंडळातल्या एक हौशी बाई, त्यांनी ऐन वेळी आणली होती. लग्नाला डहाळी नको का? आंब्याची मिळाली नाही, म्हणून कुणाच्यातरी घरामागच्या झाडाची तोडली. कुणाच्या, ते मला विचारायची गरजच पडली नाही. घर जुन्या गावातलं होतं.

दुसऱ्या "सावधान"ला अक्षता पडल्या आणि त्यांच्याबरोबर काहीतरी काळं पडलं. केतकीच्या पाठीवर. पिवळ्या साडीवर, अगदी मध्यभागी. लाल डोळे.

तिला काही कळलं नव्हतं. ती समोर अंतरपाटाकडं बघत होती. मी वाट बघावी म्हटलं, मंगलाष्टका संपल्या की सनई लागेल, टाळ्या होतील, त्या गोंधळात उचलू. कारण यातला नर धरला की मुठीत कर्कश ओरडतो, हे मला मंगळवारी नदीवर पुरतं कळलं होतं. मादी ओरडत नाही. आणि पाठमोऱ्या किड्याला बघून नर की मादी ते मला सांगता येईना. तिसरं मंगलाष्टक चालू झालं. तो चढायला लागला. साडीवरून ब्लाउजच्या काठावर. पुढं मान होती, उघडी. दीडशे माणसं समोर बसली होती आणि शैलाचे डोळे माझ्यावर खिळले होते. तिलाही दिसला होता.

अजून थांबलो असतो तर त्याचे पाय केतकीच्या कातडीला लागले असते. मी मूठ घातली.

नर होता! असा किंचाळला की गुरुजींची ओळ चुकली. पुढच्या रांगेत कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. केतकीचे खांदे दगडासारखे झाले. तिनं मागं बघितलं नाही.

"मामा?" ती पुटपुटली.

मी तिच्या कानाशी वाकलो. काही होत नाही, असं म्हणायचा मोह झाला, तो आवरला. "एक होता. पाठीवर. आता माझ्या मुठीत आहे."

तिचा श्वास अडकला, तो मला ऐकू आला. मग विचारलं, "अजून आहे?"

मी तिची पाठ बघितली. केसांतला गजरा बघितला, एकेक फूल. मुंडावळ्या, कानांमागं, साडीच्या निऱ्या, दांडीवरची डहाळी पान न् पान. गुरुजी माझ्याकडं बघत थांबले होते. सगळा मांडव थांबला होता. मी घाई केली नाही.

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."

केतकीनं हार एका हातात घेतला. दुसरा हात मागं आणला, चाचपडत माझा हात शोधला आणि त्या मुठीवरच घट्ट धरला. आत तो किंचाळत होता, धडपडत होता, तिच्या बोटांना ते सगळं जाणवत असणार. तिचे ओठ पांढरेच होते. पण तिनं गुरुजींना मान हलवून पुढं चला म्हणून खूण केली, आणि अंतरपाट खाली येईपर्यंत माझा हात सोडला नाही.